कर्कश संगीत आवडते, म्हणजे माझे काही बिघडले आहे का?

पत्राचा सारांश: मी ४७ वर्षांची असून मुलुंडला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात लेखा विभागात नोकरी करते. लहानपणी दादरला एका बाईंकडे गाणे शिकले, मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या, आणि आमच्या घरी आजही सकाळ अभंगांनी सुरू होते. मात्र मुलीच्या फोनवरून मला अंगावर येणारे, कर्कश इलेक्ट्रो संगीत ऐकण्याची गोडी लागली. जस्टिस, बॉइज नॉइज, द प्रॉडिजी अशी मंडळी मी लोकलमध्ये जाता-येता ऐकते, तेही चांगल्या मोठ्या आवाजात. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे स्पीकरवर लावण्याचा प्रश्नच येत नाही. यजमान म्हणतात, ‘मिक्सरमध्ये सुके खोबरे फिरवल्यासारखा हा आवाज तुला आवडतो तरी कसा? मनात कोणाबद्दल राग साठला आहे का?’ आता मलाही शंका येऊ लागली आहे. शिवाय गेल्या गणेशोत्सवात सोसायटीसमोरच्या डीजेविरुद्ध पोलिसांकडे तक्रार करणाऱ्यांत मीच पुढे होते, मग हा माझा दुटप्पीपणा नव्हे का? माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे, त्यामुळे कानांचीही धास्ती वाटते. कार्यालयातील तरुण सहकारी लोअर परळला अशा संगीताच्या रात्रीला चला म्हणून मागे लागले आहेत. जावे का?

स. न. वि. वि.

आपल्या यजमानांनी प्रश्न थट्टेने विचारला असला तरी तो चांगला आहे आणि त्याला नीट उत्तरही आहे, म्हणून आधी त्याकडेच वळते. आपल्या बाकीच्या शंकांपैकी निम्म्या त्या उत्तरातच सुटतील असे मला वाटते.

आपण तानपुरा जुळवायला शिकला आहात. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवत नेला की एका विशिष्ट जागी तार अचानक बोलू लागते, तिच्यात एक झणझणीत गुंजन येते आणि त्या गुंजनातून मूळ स्वराखेरीज कितीतरी वरचे स्वर, अगदी स्वयंभू गंधारसुद्धा, आपोआप ऐकू येऊ लागतो. जवारी उघडी करणे म्हणजे गुळगुळीत स्वराला मुद्दाम खरखरीत करणे होय, आणि ती खरखर नसेल तर तानपुरा मुका वाटतो, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. इलेक्ट्रोमधील कर्कशपणाही याच जातीचा आहे. ध्वनीची विद्युतलहर यंत्राच्या कुवतीबाहेर वाढवली की तिचे माथे आणि तळ छाटले जातात, गोलसर लहर चौकोनी होत जाते आणि मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट वेगाची कंपने तिच्यात शिरतात. एकच स्वर छाटला तर ही कंपने मूळ स्वराशी नाते राखून असतात. परंतु दोन-तीन स्वर एकत्र करून छाटले की त्यांच्या बेरजेची आणि वजाबाकीची अनाहूत कंपनेही तयार होतात, ज्यांचा कोणत्याही सप्तकाशी संबंध नसतो. आपल्या यजमानांना खोबरे ऐकू येते ते या ठिकाणी. पॅरिसच्या जस्टिस या जोडीने २००७ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये हाच दोष इतका जाणीवपूर्वक आणि इतक्या मापात वापरला की पुढे अनेकांनी त्यांचे अनुकरण केले. बर्लिनच्या बॉइज नॉइजचे बरेचसे काम याच वाटेवरचे आहे.

या खरखरीकडे दुर्लक्ष करणे मेंदूला जमत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात माणसाच्या किंकाळीचा अभ्यास केला होता. किंकाळीच्या आवाजाची पातळी सेकंदाला सुमारे ३० ते १५० वेळा खालीवर होते, साध्या बोलण्यात इतकी जलद थरथर नसते, धोक्याची सूचना देणाऱ्या भोंग्यांत मात्र ती आढळते आणि अशा आवाजाने मेंदूतील भीतीशी निगडित भाग जागा होतो, असे त्यातून दिसले. कर्कश इलेक्ट्रोमधील जाडजूड स्वरांतही अशीच थरथर बऱ्याचदा असते. फरक एवढाच की आपण त्या वेळी महिलांच्या डब्यात खिडकीशी बसलेल्या असता, कोणताही धोका नसतो आणि आपल्याला ते पक्के ठाऊक असते. शरीर सावध होते, मन निर्धास्त असते, आणि या दोहोंमधल्या अंतरात मजा असते.

मात्र नुसत्या खरखरीने कोणी वेडे होत नाही. तिच्याखाली जी लय असते ती अतिशय शिस्तीची असते, आणि मला वाटते, आपल्याला ओढून नेणारी गोष्ट मुख्यतः तीच असावी. पुढच्या वेळी ऐकताना ठेक्याचा मोठा ठोका पडतो त्या क्षणाकडे लक्ष द्या. ठोका पडताच बाकीचा सगळा आवाज दबतो आणि ठोका ओसरला की फुगून पुन्हा वर येतो, त्यामुळे सारे संगीत श्वास घेत असल्याचा भास होतो. हे हाताने होत नाही. ठोक्याने दुसऱ्या आवाजाची पातळी आपोआप खाली दाबावी अशी जोडणी केलेली असते. नंतर कधीतरी तो ठोका काढूनच घेतला जातो, वरचे आवाज चढत जातात, ताशासारख्या कडकडाटाची गती दुप्पट, चौपट होते आणि ठराविक आवर्तने संपताच ठोका नेमक्या जागी परत येतो. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला एकच तुकडा, समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना बैठकीतील जाणकार मान हलवतात, ती समेची जागा त्यांना आधीपासून माहीत असते म्हणूनच. आपणही ती जागा आधीच मोजत असणार, कारण आपले शिक्षणच तसे झाले आहे. गाणे शिकलेल्या व्यक्तीला हे संगीत आवडावे यात मला काहीच विपरीत दिसत नाही. उलट ज्याला लयीचे भान नाही त्याला त्यात फक्त गोंगाट ऐकू येण्याचा संभव अधिक. (यजमानांना हे वाक्य वाचून दाखवायचे की नाही, ते आपण ठरवा.)

शरीराचा भाग वेगळा आहे. २०२२ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रत्यक्ष मैफलीत, कानाला जवळजवळ ऐकू न येणाऱ्या अतिखर्ज कंपनांचे खास स्पीकर मधूनमधून चालू आणि बंद केले. श्रोत्यांना त्याचा पत्ता नव्हता, तरी ते स्पीकर चालू असताना त्यांची हालचाल सरासरी ११.८ टक्क्यांनी वाढली. म्हणजे कान ज्याची दखल घेत नाही त्याला शरीर दाद देत होते. छातीच्या पिंजऱ्यात धडधडणारा ढोल ज्याने गिरगावात विसर्जनाच्या दिवशी अनुभवला आहे त्याला हे प्रयोगाविनाही पटेल. हेडफोनमधून हा अनुभव फारसा मिळत नाही. त्याची भरपाई म्हणून आपण आवाज चढवत असाल, अशी मला शंका आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आपल्या बाईंना काय वाटले असते, असे आपण पत्रात शेवटी कंसात लिहिले आहे. त्याबाबत एक मुंबईचीच हकिकत सांगण्यासारखी आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि की-बोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रे घेतली, एक सिंथेसायझर, एक ठेका वाजवणारे आणि एक खर्जाचे स्वर वाजवणारे, आणि त्यांवर ललित, मालकंस, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. त्यांतील खर्जाचे यंत्र, रोलँड कंपनीचे ३०३, गिटार वाजवणाऱ्यांना सरावात साथ मिळावी म्हणून निघाले होते, पण ते खपले नाही आणि १९८४ मध्ये बंद पडले. पुढे शिकागोतील तरुणांनी तेच यंत्र स्वस्तात मिळवले, त्याच्या कळा नको तितक्या पिळून त्यातून चिरका, लवलवता आवाज काढला आणि १९८७ च्या सुमारास त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार रूढ झाला. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा ऐकणारे थक्क झाले, कारण शिकागोच्या कितीतरी आधी मुंबईत कोणी त्याच यंत्रातून तसाच नाद काढून ठेवला होता. त्यांचे वादन आक्रमक नाही, चांगले मवाळ आहे. आपण ते अवश्य ऐका, आणि राग ओळखता येतात का ते पाहा. रागदारी आणि यंत्र यांचे वैर आहे असे मानण्याचे कारण निदान या शहरात तरी उरलेले नाही.

आता रागाविषयी, म्हणजे संतापाविषयी. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ साली, आक्रमक मेटल संगीत नेहमी ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी त्यांच्या आयुष्यातील चीड आणणारे प्रसंग आठवायला लावले, मग काहींना दहा मिनिटे त्यांच्याच आवडीचे संगीत ऐकू दिले आणि काहींना शांत बसवले. शांत बसलेल्यांची चीड जशी उतरली तशीच ऐकणाऱ्यांचीही उतरली. संगीताने तिच्यात भर घातली नाही, उलट ऐकणाऱ्यांनी आपल्याला अधिक उत्साही वाटल्याचे सांगितले. प्रयोग लहान होता, तो इलेक्ट्रोचा नव्हता, आणि त्यातले सारे जण त्या संगीताचे चाहतेच होते. तरीही कर्कश संगीत ऐकणारा माणूस मनातून धुमसत असलाच पाहिजे, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. आवाज आक्रमक असतो. ऐकणाऱ्याची वृत्तीही आक्रमक असते, असे त्यावरून ठरवता येत नाही.

तरीही आपल्या पत्रातील एका वाक्यावर मी थांबले. सासऱ्यांचा उल्लेख आपण केवळ स्पीकर का लावता येत नाही हे सांगण्यापुरता केला आहे, आणि पुढे कुठेही त्यांच्या सेवेचा भार कोणावर पडतो हे लिहिलेले नाही. तो बहुतेक आपल्यावर पडत असावा असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर लोकलमधील तो वेळ आपल्याला कोणी काही मागत नाही, कोणी हाक मारत नाही असा दिवसातील एकमेव वेळ असू शकतो, आणि बाहेरच्या जगाला पूर्णपणे झाकून टाकणारा आवाज त्या वेळी हवासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र यजमानांनी ‘राग आहे का’ असे विचारलेच आहे, तर ‘राग नाही, पण दमले आहे’ हे उत्तर खरे असल्यास त्यांना सरळ सांगा आणि रात्रीच्या औषधांची किंवा आठवड्यातील एखाद्या दिवसाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवा. संगीताबद्दलची त्यांची नाराजी त्यानंतर किती उरते ते बघू या.

दुटप्पीपणाचा आरोप मला मान्य नाही. गणपतीत आपण तक्रार केली ती संगीताच्या प्रकाराविरुद्ध नव्हती. घरात आजारी माणूस असताना, खिडक्या बंद करूनही ज्यातून सुटका नाही अशा आवाजाविरुद्ध होती. हेडफोनची कळ आपल्या हातात असते, समोरच्या ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीची नसते. कायदाही हाच विचार करतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे आणि सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. सवलतीच्या दिवशीही आवाजाची मर्यादा कायम राहते, हे मंडळाचे कार्यकर्ते सोयीस्करपणे विसरतात. यंदाही तक्रार करावीशी वाटली तर खुशाल करा. मात्र विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांना ‘यांना संगीतातले काय कळते’ असे पूर्वी म्हणत असाल, तर तेवढे वाक्य आता सोडून द्यावे लागेल, कारण त्यांना जे सुख मिळते तेच आपल्यालाही मिळते.

कानांची धास्ती मात्र मी कमी करणार नाही. आपल्या वडिलांनी साच्यांचा खडखडाट पोटासाठी सोसला, आणि आपण हा आवाज आवडीने ऐकता. पण अंतर्कर्णातील रोमपेशींना हा फरक कळत नाही. त्या मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा तयार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की प्रौढ व्यक्तीने आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर आवाज ८० डेसिबलपर्यंत असावा, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. मुलुंड ते सीएसएमटी आणि परत, असा रोजचा दीड-पावणेदोन तास धरला तर आठवड्याचे आठ-नऊ तास होतात, तेव्हा आपण ८६ च्या वर जाता कामा नये. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी माणूस नकळत याच्या बराच पुढे जातो. अलीकडच्या काही फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची पातळी डेसिबलमध्ये दिसते. एकदा ती तपासून पाहा. फोनमध्ये ती सोय नसेल तर कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांवर जाऊ नका.

येथे या संगीताची एक खोच लक्षात ठेवण्यासारखी आहे. भावगीतात आवाज चढतो, उतरतो, मधे विसावतो. छाटून आणि दाबून बनवलेल्या इलेक्ट्रोत मात्र तो सतत कमाल पातळीला चिकटून असतो. त्यामुळे फोनवरची आवाजाची रेघ त्याच जागी ठेवली तरी कानात जाणारी ऊर्जा भावगीतापेक्षा पुष्कळ जास्त भरते. आपल्या फायद्याचा भाग असा की त्यातील आक्रमकपणा पातळीत नसून नादाच्या पोतात असतो. त्याची वरची कंपने मानवी कान सर्वांत तीक्ष्ण असतो त्या पट्ट्यात येतात, म्हणून आवाज बराच खाली आणला तरी ते संगीत अंगावर येतच राहते. कानात घट्ट बसणारे किंवा बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन घ्या, म्हणजे गाडीशी स्पर्धा करावी लागणार नाही. पहिले काही दिवस मिळमिळीत वाटेल, नंतर कान सरावतो. (फलाटावर चालताना आणि रूळ ओलांडणाऱ्या पुलाच्या पायऱ्या उतरताना मात्र हेडफोन काढलेलेच बरे.) आणि वडिलांची पार्श्वभूमी मनात सलत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एकदा श्रवणचाचणी करून घ्या. ती वेदनारहित असते, पटकन होते, आणि पुढे कधी तुलना करायची झाली तर हाताशी कागद राहतो.

लोअर परळच्या रात्रीला जा. अतिखर्जाचे जे सुख हेडफोन देऊ शकत नाहीत ते तेथे मिळेल, आणि एकदा ते मिळाले की लोकलमध्ये आवाज चढवून त्याचा शोध घेण्याची गरज कदाचित उरणार नाही. वयाची चिंता करू नका. द प्रॉडिजी हा गट १९९० मध्ये निघाला आणि त्यांचे पहिले चाहते आज आपल्याच वयाचे किंवा त्याहून मोठे आहेत. अशा ठिकाणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे ती कोण मोजतो हा प्रश्नच आहे. तेव्हा कानात घालायची बुचे सोबत न्या. फोमची साधी बुचे वरचे स्वर जास्त कापतात आणि संगीत कोंदट वाटते. वादक मंडळी वापरतात ती गाळणी असलेली बुचे सर्व स्वर जवळपास सारख्या प्रमाणात खाली आणतात, आणि आपल्यासारख्या शिकलेल्या कानाला तीच मानवतील. स्पीकरच्या अगदी पुढ्यात उभे राहू नका, मधूनमधून बाहेर येऊन कानांना विश्रांती द्या आणि घरी सासऱ्यांजवळ त्या रात्री कोण असेल हे आधीच, शक्यतो यजमानांशी बोलून, ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असेल किंवा आवाज कापसातून आल्यासारखे वाटत असतील तर ते शमेपर्यंत हेडफोन बाजूला ठेवा. एका दिवसात शमले नाही तर डॉक्टरांना दाखवा. परतीसाठी शेवटच्या गाडीवर विसंबू नका, सहकाऱ्यांपैकी मुलुंड-ठाण्याकडचे कोणी असेल तर निघण्यापूर्वीच टॅक्सीचे ठरवून घ्या.